खंजनदर्शन : एक शकुन व त्यांतील पक्षिनिरीक्षण

आपल्याकडील जुन्या पोथ्यांच्या संग्रहांत काव्य, धर्मशास्त्र, वैद्यक व गणित यांच्या पोथ्यांस जो मान मिळतो तो शकुनाच्या पोथ्यांस मिळत नाहीं. 'पल्लीपतन', 'काकरुत', 'पिंगलारुत' असलीं नांवें वेष्टनावर दिसलीं म्हणजे संग्राहक ती पोथी बाजूस सारतो व सूचीकार तिची एका ओळींत बोळवण करितो. शकुनाचें फळ खरें कीं खोटें या वादांत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु फळ सांगण्यापूर्वीं शकुन पाहावा लागतो, आणि पाहणें ही गोष्ट इतिहासाच्या कक्षेंतील आहे. कोणता पक्षी, कोणत्या ऋतूंत, कोणत्या जागीं, काय करितांना दिसला, हें ज्या ग्रंथांत लिहिलें आहे तो ग्रंथ फळाच्या दृष्टीनें टाकाऊ ठरला तरी निरीक्षणाच्या दृष्टीनें टाकाऊ ठरत नाहीं. या विधानाच्या पुष्ट्यर्थ प्रस्तुत लेखांत आम्ही एकच उदाहरण घेतों. तें म्हणजे खंजनदर्शनाचें.

१. खंजन कोण ?

अमरकोशांत सिंहादिवर्गामध्यें खंजरीट व खंजन हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून दिले आहेत. व्युत्पत्ति 'खजि गतिवैकल्ये' या धातूपासून लावितात, म्हणजे खंजन हा लंगडत चालणारा. वस्तुतः हा पक्षी लंगडत नाहीं. चिमणीप्रमाणें दोन्ही पाय जोडून उड्या न मारतां तो एकेक पाऊल टाकीत लगबगीनें धांवतो, मध्येंच थबकतो व लांब शेपटी वरखालीं हालवितो. त्या हिसक्यांमुळें चाल तुटक वाटते, आणि तेवढ्यावरून नांव पडलें. मराठींत यालाच धोबी किंवा परीट म्हणतात. नदीकांठच्या धुण्याच्या दगडांवर याची फेरी चुकत नाहीं, व शेपटीची आपटही त्या धंद्यास साजेशी आहे. काळ्यापांढऱ्या रंगाच्या या चंचल पक्ष्याची उपमा कवींनीं नेत्रांस दिली, आणि पुढें ती इतकी रुळली कीं उपमान डोळ्यांनीं पाहण्याची गरज कोणास उरली नाहीं. टीकाकारही 'पक्षिविशेष' एवढेंच लिहून पुढें जाऊं लागले.

या जातीचे जे पक्षी आपल्याकडे दिसतात त्यांपैकीं बहुतेक हिवाळी पाहुणे आहेत. करडा धोबी पावसाळा सरतां सरतां प्रथम येतो. पांढरा व पिवळा धोबी त्याच्या मागून सप्टेंबर-ऑक्टोबरांत येतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत सर्व निघून जातात. बारमाही राहणारा एकच, भुवई पांढरी व गळा काळा असलेला मोठा धोबी. हा आपल्याच नद्यांच्या कांठीं घरटें करितो. पाहुणा व रहिवासी यांतील हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील विवेचन त्यावर अवलंबून आहे.

२. वराहमिहिराचा अध्याय

खंजनदर्शनाचें सविस्तर विवेचन वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत 'खंजनकलक्षण' या अध्यायांत आलें आहे. वराहमिहिर अवंतीचा, त्याच्या पंचसिद्धांतिकेंतील करणारंभ शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५ चा आहे. बृहत्संहितेवर भट्टोत्पलाची टीका दहाव्या शतकांतील असून मूळ ग्रंथ कर्न या डच पंडितानें इ. स. १८६५ च्या सुमारास कलकत्त्यास छापून प्रसिद्ध केला. खंजनाच्या 'प्रथमदर्शना'चीं जीं फळें मुनींनीं सांगितलीं तीं आपण सांगतों, असें वराहमिहिर आरंभींच म्हणतो. यावरून हा विषय त्याच्याही पूर्वींचा ठरतो.

येथें 'प्रथम' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रथमदर्शनाचें फळ वर्षभर टिकतें व पुढें रोज होणाऱ्या दर्शनाचें फळ त्या दिवसापुरतें असतें, असा भेद ग्रंथकार अध्यायाच्या शेवटीं करितो. जो पक्षी बाराही महिने दारांत आहे त्याचें प्रथमदर्शन संभवत नाहीं. कावळ्याचें किंवा चिमणीचें प्रथमदर्शन कोणी सांगितलेलें नाहीं. म्हणजे खंजन हा वर्षांतून कांहीं काळ नाहींसा होणारा व ठराविक ऋतूंत पुन्हा प्रगट होणारा पक्षी आहे, हें येथें गृहीत धरलें आहे. आजचे पक्षिनिरीक्षक हिवाळ्याच्या आरंभीं वहींत 'अमुक पक्षी या हंगामांत प्रथम दिसला' अशी तारीखवार नोंद करितात. वराहमिहिराच्या वाचकानेंही तेंच करावयाचें होतें; फरक इतकाच कीं त्यानें तारखेपुढें फळ लिहावयाचें होतें.

आतां स्थानें पाहूं. चिखलांत खंजन दिसल्यास गोड अन्न, शेणावर दिसल्यास दूधदुभतें, हिरवळीवर दिसल्यास वस्त्र मिळेल असें सांगितलें आहे. गाईंजवळ, गोठ्यांत, पवित्र जलाशयापाशीं, कमळांत व उद्यानांत दिसणें शुभ. गाड्यावर दिसल्यास देशाचा नाश, घराच्या छपरावर दिसल्यास द्रव्यनाश, चामड्याच्या वादीवर दिसल्यास बंधन. शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर दिसल्यास प्रियजनांची भेट. सूर्योदयीं दर्शन चांगलें, सूर्यास्तीं वाईट. फळें कल्पित आहेत, पण चिखल, शेण, हिरवळ, गोठा, पाणवठा, छपराचें पाखें, उभा गाडा, चरणारीं जनावरें, हीं स्थानें कल्पित नाहींत. ओलसर मातींत, शेणांत व गुरांच्या पायांखालून उडणारे किडे हेंच या पक्ष्याचें अन्न आहे, आणि आज कोणीही मार्गशीर्षांत नदीकांठच्या गांवीं जाऊन पाहील तर याच जागीं त्यास धोबी सांपडेल. सकाळीं हे पक्षी एकेकटे पांगलेले असतात व सायंकाळीं रात्रीच्या निवाऱ्यासाठीं वेतांत किंवा झाडांवर शेंकड्यांनीं जमतात. अशा पक्ष्याविषयीं उदयकाळ व अस्तकाळ यांत भेद करावा हें कितपत सहेतुक आहे तें सांगतां येत नाहीं. परंतु नोंद घेण्याजोगें खास आहे.

याच यादींत हत्तीचें मस्तक, छत्र, चामर, ध्वज, दह्याचें भांडें, धान्याची रास अशींही स्थानें आहेत. उलट बाजूस म्हैस, उंट, गाढव, अस्थि, श्मशान व भस्म हीं अशुभ स्थानें आहेत. हीं कोणत्याही शकुनाध्यायांत आढळणारीं ठराविक मंगल व अमंगल द्रव्यें होत. खंजन म्हशीच्या पाठीवर बसत नाहीं असें नाहीं. पण म्हशीचें अशुभत्व पक्ष्याच्या संवयींवरून आलेलें नसून म्हैस यमाचें वाहन या समजुतीवरून आलेलें आहे. तेव्हां असले अध्याय वाचतांना निरीक्षण कोणतें व संकेत कोणता हें वेगळें करावें लागतें. जें स्थान सर्व शकुनांत सारखेंच येतें तो संकेत. जें या एका पक्ष्याच्या बाबतींतच येतें तें बहुधा निरीक्षण. हा नियम इतर शकुनाध्यायांसही लावून पाहण्यासारखा आहे.

३. चार प्रकारचे खंजन

वराहमिहिरानें खंजनाचे चार प्रकार सांगितले आहेत. स्थूल, मान उंच व गळा काळा तो 'भद्र'. मुखापासून कंठापर्यंत काळा तो 'संपूर्ण'. गळ्यावर काळा ठिपका व गाल पांढरे तो 'रिक्त'. आणि पिवळा तो 'गोपीत'. पहिले दोन शुभ, रिक्त हा नांवाप्रमाणें रिक्तता आणणारा, गोपीत क्लेशकारक.

या वर्णनांची आजच्या ज्ञानाशीं सांगड घालून पाहतां आमचें मत पुढीलप्रमाणें होतें. स्थूल म्हटलेला 'भद्र' हा बहुधा आपला रहिवासी मोठा धोबी. सर्व धोब्यांत हाच आकारानें मोठा व याचा गळा बारमास काळा. 'रिक्त' हा हिवाळी पोशाखांतील पांढरा धोबी. पांढऱ्या धोब्याचा गळा विणीच्या काळांत काळा असतो. हिवाळ्यांत गळा पांढरा होऊन छातीवर काळी चंद्रकोर तेवढी उरते, व गाल पांढरे दिसतात. 'संपूर्ण' हा याच पांढऱ्या धोब्याचा वसंतांतील, उत्तरेकडे परतण्यापूर्वींचा पोशाख असावा, किंवा हिमालयांत वीण करणारी काळ्या मुखाची पोटजात असावी. 'गोपीत' म्हणजे पिवळे धोबी, याविषयीं शंका नको. यांतील पहिल्या तीन ओळखींस निर्णायक प्रमाण नाहीं, व के. एन. दवे यांनीं इ. स. १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या संस्कृत वाङ्मयांतील पक्ष्यांवरील ग्रंथाशीं त्या ताडून पाहाव्या. परंतु दीड हजार वर्षांपूर्वीं एका चिमणीएवढ्या पक्ष्याचे गळ्याच्या काळेपणावरून प्रकार पाडले गेले, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. आजचे पक्षिशास्त्रज्ञही पांढऱ्या धोब्याच्या पोटजाती मुख, गळा व पाठ यांवरील काळ्या-करड्या रंगाच्या विस्तारावरूनच ओळखतात.

या अध्यायांत आणखी एक विधान आहे. खंजनाचें जोडपें जेथें रत होईल तेथें भूमींत निधि असतो, जेथें तो वांति करील तेथें कांच, व जेथें विष्ठा टाकील तेथें कोळसा. आणि कौतुक शमविण्यासाठीं तेथें खणून पाहावें. या 'खणून पाहावें'चा अर्थ कोणी थट्टा म्हणून घेईल, कोणी प्रामाणिकपणा म्हणून घेईल. आम्हांस त्यांत दुसरेंच कांहीं दिसतें. पाहुणे खंजन आपल्या देशांत असतांना वीण करीतच नाहींत; त्यांचें जुळणें दूर उत्तरेकडे होतें. त्यामुळें सपाटीवरच्या माणसास तें दृश्य दुर्मिळ. जें दुर्मिळ त्याचें फळ मोठें, हा शकुनशास्त्राचा सामान्य न्याय आहे, आणि त्या न्यायानें निधीची जागा येथें ठरली असावी.

४. पावसाळ्यांत खंजन जातो कोठें ?

या प्रश्नाचें उत्तर आपल्या पूर्वजांनीं दिलें नव्हतें असें नाहीं. खंजनाच्या नमनाचा एक मंत्र प्रचलित होता. त्याचा आशय असा : हा पक्षी योगयुक्त मुनिपुत्र आहे, शिखा उगवली म्हणजे तो अदृश्य होतो व वर्षाकाळ संपला म्हणजे पुन्हा दिसूं लागतो, असा जो आश्चर्यमय खंजन त्यास नमस्कार. म्हणजे पक्षी येथेंच असतो, मात्र तुरा फुटल्यावर दिसेनासा होतो, अशी ही कल्पना.

हें वाचून कोणी हंसूं नये. ॲरिस्टॉटलनें कांहीं पक्षी हिवाळ्यांत बिळांत दडून राहतात व कांहीं एका जातीचे दुसऱ्या जातींत पालटतात असें लिहिलें आहे. इंग्लंडांत गिल्बर्ट व्हाइटसारखा सूक्ष्म निरीक्षक इ. स. १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, पाकोळ्या हिवाळ्यांत कोठें तरी निद्रिस्त राहत असतील कीं काय या शंकेंत होता. पक्षी चंद्रावर जातात असेंही सतराव्या शतकांतील एका इंग्रज विद्वानानें प्रतिपादिलें होतें. इ. स. १८२२ त जर्मनींत मेक्लेनबुर्ग प्रांतीं मानेंत आफ्रिकी भाला रुतलेला एक करकोचा मारला गेला, तेव्हां पक्षी खंड ओलांडतात याचें ढळढळीत प्रमाण युरोपास मिळालें. पुढें इ. स. १८९९ त मॉर्टेन्सन नांवाच्या डॅनिश शिक्षकानें पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचीं कडीं अडकविण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडे इ. स. १८८३ त स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळानें सालीम अली यांच्या पुढाकारानें इ. स. १९५९ नंतर हें काम मोठ्या प्रमाणावर केलें. कडें घातलेला धोबी दुसऱ्या हिवाळ्यांत त्याच बागेच्या हिरवळीवर परत येतो, हेंही अशा नोंदींवरूनच कळलें. दीडदोन तोळे वजनाच्या पक्ष्यानें हजारों मैल जाऊन तीच हिरवळ हुडकून काढावी, यापेक्षां मुनिपुत्राची कथा फार अधिक आश्चर्यकारक नाहीं.

५. नीराजन, सीमोल्लंघन व खंजन

आतां इतिहासाच्या अभ्यासकांच्या जिव्हाळ्याचा भाग. वराहमिहिर सांगतो कीं नीराजनविधि संपल्यावर राजास ज्या दिशेनें खंजन जातांना दिसेल त्या दिशेस राजा निघाल्यास शत्रु लवकर वश होतो. नीराजन म्हणजे हत्ती, घोडे व शस्त्रें यांची शांति. तिच्यासाठीं बृहत्संहितेंत आश्विन किंवा कार्तिक शुद्धांतील अष्टमी, द्वादशी वा पौर्णिमा या तिथि दिल्या आहेत. पुढें सोळाव्या शतकांत बंगालच्या रघुनंदनानें तिथितत्त्वांत विजयादशमीच्या प्रकरणीं, राजानें नीराजन करून जल, गाई किंवा गोठा यांच्या सन्निध शुभ खंजन पाहावा, असें वचन दिलें आहे. उत्तरेकडे दसऱ्यास नीलकंठाचें, म्हणजे चाष पक्ष्याचें दर्शन घेण्याची चाल आहे तीही याच वर्गांतील.

या विधीचा व पक्ष्याचा संबंध केवळ शकुनाचा नाहीं. पाऊस थांबला, नद्यांस उतार पडला, वाटांचा चिखल सुकूं लागला म्हणजे फौजा बाहेर काढावयाच्या, ही रीत मराठ्यांच्या मोहिमांवरून आपणां सर्वांस परिचित आहे. दसऱ्याचें सीमोल्लंघन तिचेंच धार्मिक रूप. नद्या ओसरून जी ओली माती उघडी पडते तींतच खंजन उतरतो. म्हणजे पाण्याच्या कडेस खंजन फिरूं लागला याचा अर्थच पाणी हटूं लागलें. घोडदळाच्या सरदारास याहून उपयुक्त बातमी कोणती ? खंजन हा स्वारीच्या ऋतूचा सृष्टीनें धाडलेला जासूद होता, आणि शकुनकारांनीं त्यास विजयाचा दूत केलें.

येथें पंचांगाचाही एक मुद्दा आहे. वराहमिहिराच्या काळीं मेषसंक्रांत वसंतसंपाताच्या लगत पडे. आज ती १४ एप्रिलच्या सुमारास पडते. म्हणजे निरयन गणनेमुळें आपले महिने ऋतूंच्या मानानें त्या काळापासून सुमारें २४ दिवस पुढें सरकले आहेत. आज विजयादशमी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत केव्हांही येते. त्या काळची आश्विन शुद्ध दशमी ऋतुमानानें सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत येत असली पाहिजे. उत्तर हिंदुस्थानांत धोबी येऊं लागण्याचा हाच काळ. पक्षी निघतात ते दिवसमान पालटल्यावर. तिथि त्यांस ठाऊक नाहीं. त्यामुळें जो विधि एके काळीं खऱ्या प्रथमदर्शनाच्या आसपास पडत होता तो आज, दसरा उशिरा आला म्हणजे, पक्षी येऊन तीनचार आठवडे लोटल्यावर पडतो. वराहमिहिराच्या अध्यायांत प्रथमदर्शनास तिथीचें बंधन नाहीं. ज्या दिवशीं दिसेल तो दिवस. निबंधकाराच्या काळीं तें तिथीस बांधलें गेलें. पाहण्याची जागा पंचांगानें घेतली ती अशी. अयनबिंदु सरकलें आहे, प्रत्यक्ष पाहून खात्री करा, असें ज्या वराहमिहिरानें आदित्यचारांत सांगितलें, त्याच्याच शकुनाची ही गति व्हावी हें विचार करण्यासारखें आहे.

६. दख्खनचें नांव धारण करणारा परदेशी

या पक्ष्याचा आपल्या प्रांताशीं एक विशेष संबंध आहे, व तो मराठी वाचकांस फारसा माहीत नाहीं. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीच्या मुंबई फौजेंतील अधिकारी. इ. स. १८१७ च्या खडकीच्या लढाईंत तो होता. पुढें १८२४ पासून दख्खनच्या कलेक्टरींची सांख्यिक माहिती गोळा करण्याच्या कामावर असतां त्यानें येथील पक्ष्यांचेही नमुने जमविले, व त्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कार्यवृत्तांत इ. स. १८३२ त प्रसिद्ध केली. तींत त्यानें नव्या जातींस जीं लॅटिन नांवें दिलीं तीं पाहण्याजोगीं आहेत. एका चंडोलास 'देवा', हिवाळ्यांत येणाऱ्या एका लहानशा वटवट्यास 'रामा', एका सातभाईस मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांचें नांव, आणि पांढऱ्या धोब्यास 'दुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा !

हा दख्खनचा धोबी दख्खनमध्यें जन्मत नाहीं. उरल पर्वताच्या पूर्वेस सायबेरियाच्या नद्यांकांठीं तो घरटें करितो व हिवाळा तेवढा इकडे काढतो. साइक्सास तो ज्या ठिकाणीं सांपडला त्या ठिकाणाचें नांव त्यानें दिलें. आज कांहीं शास्त्रज्ञ या पोटजातीस स्वतंत्र मानतात, कांहीं मानीत नाहींत. परंतु नांव शास्त्राच्या दप्तरीं दाखल झालेलें आहे तें पुसलें जाणार नाहीं. ज्याचें प्रथमदर्शन अवंतीचा ज्योतिषी लिहून ठेवतो, ज्यास बंगालचा स्मार्त दसऱ्यास पाहावयास सांगतो, व ज्याचें बारसें पेशवाईविरुद्ध लढलेला इंग्रज दख्खनच्या नांवानें करितो, अशा पक्ष्याची बखर संशोधकांनीं उपेक्षावी असें आम्हांस वाटत नाहीं.

७. संग्राहकांस विनंति

यावरून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली पोथ्यांविषयीं. शकुनाच्या पोथ्या जमवितांना त्यांच्या समासांकडे विशेष लक्ष द्यावें. मूळ वचनें छापील ग्रंथांत मिळतील; पण पक्ष्याच्या संस्कृत नांवाशेजारीं लेखकानें घातलेला देशी शब्द, किंवा दर्शनाचा टिपून ठेवलेला मिति-वार दुसरीकडे मिळणार नाहीं. मारुती चितमपल्ली यांनीं 'पक्षिकोश' रचून मराठी पक्षिनामांचें मोठें ऋण फेडलें आहे. त्यांत जुन्या हस्तलिखितांतील नांवांची भर घालणें हें आपलें काम. टिपणासह मिति मिळाल्यास ती आजच्या तारखांशीं ताडून पक्षी पूर्वीं केव्हां येत व आतां केव्हां येतात हें कळूं शकेल. ज्यास 'पक्षिविशेष' म्हणून आपण सोडून देतों त्या एका शब्दांत ऋतुमानाचा इतिहास दडलेला असूं शकतो.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष पाहण्याची. शिलालेख वाचणारा जसा ठसा घेण्यासाठीं डोंगर चढतो तसें शब्द लावणाऱ्यानें नदीकांठ गांठावा. हिवाळ्यांत सकाळीं पुण्याजवळ कवडीपाटास, नाशिकाकडे नांदूरमधमेश्वरास, किंवा तेंही न साधल्यास गांवच्या ओढ्यावर व स्वतःच्या परसांत जाऊन उभें राहिल्यास खंजन दिसेल. गळा पांढरा कीं काळा, पोट पिवळें कीं नाहीं, हें पाहून भद्र, रिक्त व गोपीत कोणते तें ज्यानें त्यानें ठरवावें. नांदूरमधमेश्वरास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्या उथळ कांठांवर हा पक्षी चरतो ते कांठ अनेक शहरांतून भिंतींनीं व भरावानें झांकले जात आहेत. पोथी गेली तर तिची नक्कल एखाद्या दुसऱ्या वाड्यांत सांपडण्याची आशा असते. ओला कांठ गेला तर त्याची नक्कल कोठेंही नसते. मग वराहमिहिराचा अध्याय हातीं शुद्ध राहील, पण तो ज्याविषयीं लिहिला तें दर्शन घेण्यास जागा उरणार नाहीं.

येत्या शरदांत ज्यांस खंजनाचें प्रथमदर्शन होईल त्यांनीं मिति, स्थळ, वेळ व गळ्याचा रंग एवढें वहींत टिपून ठेवावें. फळाचा विचार पुढच्यांनीं करावा.